गाणं पहिल्या नंबरवर आलं, म्हणजे नेमकं काय मोजलं?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या ज्युनिअर मंडळींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो. "डेटा मिळालाय, आता पुढे काय करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. डेटा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तो कोणी, कशाने, कुठल्या नियमाने गोळा केला ते आधी वाचा. उत्तर कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. म्हणून आज तेच उत्तर गाण्यांच्या यादीच्या इतिहासातून सांगते.

सुरुवात एका कोड्याने करू. मराया कॅरी या अमेरिकन गायिकेचं नाताळचं एक प्रसिद्ध गाणं आहे, 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू'. गाणं आलं १९९४ साली. अमेरिकेतल्या गाण्यांच्या सर्वांत मानाच्या यादीत, म्हणजे बिलबोर्डच्या 'हॉट १००' मध्ये, ते पहिल्या क्रमांकावर पोचलं डिसेंबर २०१९ मध्ये. तब्बल २५ वर्षांनी!

आता समजा हा डेटा तुमच्यासमोर आहे आणि तुम्हाला कारण सांगायचं आहे. तुम्ही काय म्हणाल? जुन्या आठवणींची ओढ वाढली, नव्वदच्या दशकातली मुलं आता कमावती झाली, नाताळ अधिक धूमधडाक्यात साजरा होऊ लागला... तिन्ही अंदाज ऐकायला बरे वाटतात. पण त्याआधी एक साधी गोष्ट बघायला हवी. १९९४ मध्ये हे गाणं हॉट १०० मध्ये येऊच शकत नव्हतं. कारण ते दुकानात सुटी सिंगल म्हणून विकायला ठेवलेलं नव्हतं, आणि तेव्हाचा नियम असा होता की जे गाणं सुटं विकत मिळत नाही ते या यादीत धरायचं नाही. त्या वर्षीच्या यादीत या गाण्याची जागा रिकामी आहे. त्या रिकाम्या जागेवरून लोकांना गाणं किती आवडलं होतं हे कळत नाही, फक्त त्या वेळचा नियम कळतो.

प्रयोगशाळेत हेच होतं. रीडिंगमध्ये एका दिवशी अचानक उडी दिसली की आपण खूश होतो, काहीतरी सापडलं म्हणून. गाइड मात्र पहिला प्रश्न विचारतात, "त्या दिवशी उपकरणात काय बदललं?" संगीताचे चार्ट ही एक मोजपट्टीच आहे, आणि गेल्या ऐंशीपेक्षा जास्त वर्षांत ती अनेकदा बदलली आहे. ती कशी बदलली ते बघू.

फोनवर विचारलेली यादी

बिलबोर्ड हे नियतकालिक १८९४ मध्ये सिनसिनाटी शहरात सुरू झालं. नावाप्रमाणेच ते तेव्हा भिंतीवरच्या जाहिरातींच्या धंद्यासाठी होतं. पुढे करमणुकीचा सगळा व्यवसाय त्यात आला, आणि २७ जुलै १९४० च्या अंकात दुकानांतल्या विक्रीवर आधारलेली पहिली देशव्यापी यादी छापली गेली. पहिल्या क्रमांकावर टॉमी डॉर्सी यांच्या वाद्यवृंदाची रेकॉर्ड होती. त्यातला मुख्य आवाज होता तरुण फ्रँक सिनात्रांचा.

इंग्लंडमध्ये यादी यायला नोव्हेंबर १९५२ उजाडला. 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकातले पर्सी डिकिन्स यांनी साधारण वीस दुकानांना फोन केले, कुठल्या रेकॉर्ड जास्त खपल्या ते विचारलं आणि बेरीज करून यादी बनवली. यादी होती पहिल्या बाराची, पण बरोबरीमुळे तिच्यात पंधरा रेकॉर्ड होत्या. आज ब्रिटनच्या चार्टचा इतिहास लिहिताना याच यादीपासून सुरुवात करतात.

आणि योगायोग बघा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडे रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेल. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचे आणि तो कोलंबोहून लागायचा. गाणी 'पायदान'वर चढायची-उतरायची. हा क्रम ठरवताना रेकॉर्डची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांची पसंती असा दोन्हींचा आधार घेतला जाई. हे महत्त्वाचं आहे. घरात ग्रामोफोन असणं ही तेव्हा मोजक्यांचीच चैन होती. नुसती विक्री मोजली असती तर चहाच्या टपरीवर उभं राहून गाणी ऐकणारा माणूस यादीत कुठेच दिसला नसता.

आता आपल्या कामाचा मुद्दा. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत निवडक दुकानं किती प्रती खपल्या हे सांगत नसत. ती फक्त क्रम सांगत, म्हणजे पहिली ही, दुसरी ती. संख्याशास्त्राच्या पेपरला आपण स्केलचे प्रकार पाठ करतो ना, त्यातला हा क्रमदर्शक प्रकार. पहिला आणि दुसरा यांच्यात दहा प्रतींचा फरक होता की दहा हजारांचा, ते कागदावर दिसत नाही. शिवाय माहिती देणारा माणूस म्हणजे काउंटरमागचा कर्मचारी. तो आठवून सांगणार, त्याच्या आवडीनिवडी त्यात मिसळणार, आणि रेकॉर्ड कंपनीचा प्रतिनिधी चार प्रती फुकट देऊन गेला असेल तर तेही त्याच्या लक्षात राहणार. दुकानं कुठली निवडली यावरही बरंच अवलंबून. शहरातल्या रेकॉर्डच्या खास दुकानात जाणारा ग्राहक आणि गावाबाहेरच्या मोठ्या स्टोअरमध्ये किराण्याबरोबर कॅसेट उचलणारा ग्राहक, हे दोघे एकच संगीत ऐकत नाहीत.

पुढच्या भागासाठी दोन नावं लक्षात ठेवा. 'हॉट १००' ही ऑगस्ट १९५८ पासूनची यादी सुट्या गाण्यांची आहे. तिच्यात विक्री आणि रेडिओवर वाजणं दोन्ही मिसळलेलं असतं. 'बिलबोर्ड २००' ही यादी अल्बमची आहे आणि तिचा पाया बराच काळ फक्त विक्री हा होता.

मे १९९१ : बारकोड

माइक शॅलेट आणि माइक फाइन या दोघांनी साउंडस्कॅन नावाची पद्धत उभी केली. कल्पना सोपी होती. काउंटरवर कॅसेट किंवा सीडीचा बारकोड स्कॅन होतोच, मग तीच नोंद गोळा करायची. आठवण नको, फोन नको. २५ मे १९९१ च्या अंकापासून बिलबोर्डची अल्बमची यादी या आकड्यांवर बनू लागली.

पुढे काय झालं? जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम यादीच्या टोकाला पोचला. त्याच महिन्यात स्किड रो या मेटल बँडचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा 'रोपिन द विंड' आला आणि पहिल्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोचणारा तो पहिला कंट्री अल्बम ठरला.

म्हणजे १९९१ च्या उन्हाळ्यात अमेरिकन माणूस एकाएकी रॅप, मेटल आणि कंट्री ऐकायला लागला का? अर्थातच नाही. ते श्रोते आधीपासून होते, पैसे देऊन अल्बम घेत होते, पण ज्या दुकानांत ते घेत होते ती दुकानं, आणि जे कर्मचारी क्रम सांगत होते त्यांचे कान, या सगळ्यांतून त्यांची खरेदी गळून जात होती. यादीत नसलेल्या संगीताला रेडिओवर जागा कमी, दुकानात पुढचा कप्पा नाही, कंपनीचं बजेट नाही. ग्रामीण, कामगार आणि कृष्णवर्णीय तरुण श्रोत्यांची आवड अशी वर्षानुवर्षं 'किरकोळ' समजली गेली. मोजमापातली चूक कधीकधी एवढी महाग पडते, आणि ती कुणाला महाग पडते हेही बघावं लागतं.

याच बदलात आणखी एक सापळा आहे. १९९१ च्या आधीच्या साडेतीन दशकांत फक्त सहा अल्बम पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर आले होते. त्यांतला पहिला १९७५ मधला एल्टन जॉन यांचा 'कॅप्टन फँटॅस्टिक'. १९९१ नंतर ही रोजची गोष्ट झाली. अल्बम वर उगवतो आणि मग घसरत जातो. जुन्या यादीत मात्र तो हळूहळू चढायचा, काही आठवडे थांबायचा आणि हळूहळू उतरायचा. समजा एखाद्या विद्यार्थ्याने १९७० ते २००० असा सलग डेटा घेतला, त्यावर वक्र बसवला आणि निष्कर्ष काढला की 'नव्वदच्या दशकात श्रोत्यांची आवड चंचल झाली'. वक्र छान बसेल, पी-व्हॅल्यूही झकास येईल. पण त्याला जे सापडलं त्याचा मोठा भाग बारकोडचा असेल. पूर्वी दुकानदाराच्या कानावर आणि जिभेवर गाणं यायला वेळ लागायचा, तो उशीर आता निघून गेला होता.

दुकानात नसलेलं गाणं

अल्बमची यादी सुधारली, पण गाण्यांच्या यादीत मी सुरुवातीला सांगितलेला नियम कायम होता. आणि कंपन्यांना नव्वदच्या दशकात एक गणित सुचलं. गाणं रेडिओवर भरपूर वाजवायचं, पण सुटं विकायचंच नाही. हवं असेल तर ग्राहकाने पूर्ण अल्बम घ्यावा. फायदा सरळ आहे. सिंगलपेक्षा अल्बमची किंमत कितीतरी जास्त.

परिणाम असा की नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं आणि हॉट १०० मध्ये ते एकदाही आलं नाही. पुढे डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला आणि फक्त रेडिओवर वाजणारी गाणीही पात्र झाली. तोवर गू गू डॉल्स यांचं 'आयरिस' रेडिओवर १८ आठवडे पहिलं राहून गेलं होतं. हॉट १०० मध्ये त्याचा सर्वोच्च क्रमांक आहे नववा.

तुम्ही १९९७ ची हॉट १०० घेऊन 'त्या वर्षी लोकांना काय आवडत होतं' यावर लिहायला बसलात तर त्या वर्षीचं एक अतिशय गाजलेलं गाणं तुमच्या डेटात सापडणारच नाही. आणि वाईट म्हणजे, ते नाही हे तुम्हाला डेटा सांगणारही नाही. एक्सेलमध्ये रिकामा रकाना दिसतो. जी ओळ मुळात भरलेलीच नाही ती दिसत नाही.

विकत घेणं आणि ऐकणं

आता सगळ्यात मोठा बदल. एप्रिल २००३ मध्ये ॲपलचं आयट्यून्स स्टोअर सुरू झालं आणि गाणं ९९ सेंटला सुटं मिळू लागलं. फेब्रुवारी २००५ पासून डाउनलोड हॉट १०० मध्ये धरली गेली. २००७ पासून ऑनलाइन स्ट्रीमिंगची मर्यादित दखल सुरू झाली आणि २०१३ मध्ये यूट्यूबचे व्ह्यूज आले. त्याच आठवड्यात बाउअर यांचं 'हार्लेम शेक' थेट पहिल्या क्रमांकावर आलं, कारण त्या गाण्यावरचे लोकांनी बनवलेले व्हिडिओ तेव्हा धुमाकूळ घालत होते.

अल्बमच्या यादीची अडचण मात्र खोल होती. विक्री ही एकदाच घडणारी घटना आहे. तुम्ही सीडी घेतली की एक नोंद झाली. ती नंतर पाचशे वेळा ऐकली काय आणि कपाटात धूळ खात पडली काय, नोंद एकच. स्ट्रीमिंगमध्ये उलट. प्रत्येक ऐकणं ही नवी नोंद. या दोन गोष्टींची बेरीज करायची म्हणजे किलोमीटरमध्ये तास मिसळण्यासारखं आहे. मधे एक रूपांतराचा गुणक लागतो, आणि तो निसर्गात कुठे लिहून ठेवलेला नाही. तो माणसांनी बसून ठरवायचा.

बिलबोर्डने डिसेंबर २०१४ मध्ये तो असा ठरवला: अल्बममधल्या कुठल्याही दहा गाण्यांची डाउनलोड म्हणजे एक अल्बम, आणि १,५०० वेळा स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. गंमत म्हणजे या नव्या पद्धतीच्या पहिल्याच यादीत पहिला क्रमांक होता टेलर स्विफ्ट यांच्या 'नाइन्टीन एटी-नाइन' या अल्बमचा, आणि महिनाभर आधीच त्यांनी आपलं संगीत स्पॉटिफायवरून काढून घेतलं होतं. तेव्हा विक्रीचं पारडं अजून एवढं जड होतं.

जुलै २०१८ मध्ये गुणक बदलला. पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. पैसे देणाऱ्याचं एक ऐकणं तेव्हा फुकट ऐकणाऱ्याच्या तीन ऐकण्यांएवढं झालं.

याचा परिणाम किती होतो ते वहीवर करून बघू. पुढचे आकडे मी समजण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत.

अल्बम 'अ' : ६०,००० प्रती विकल्या, २०,००० गाणी डाउनलोड झाली, ३ कोटी स्ट्रीम (त्यांतले २.५ कोटी पैसे भरणाऱ्यांचे, ५० लाख फुकट).

अल्बम 'ब' : १०,००० प्रती, ५,००० गाणी डाउनलोड, १२ कोटी स्ट्रीम (४ कोटी पैसे भरणाऱ्यांचे, ८ कोटी फुकट).

२०१४ च्या नियमाने 'अ'चे होतात ६०,००० + २,००० + २०,००० = ८२,०००. 'ब'चे १०,००० + ५०० + ८०,००० = ९०,५००. म्हणजे 'ब' पहिला.

२०१८ च्या नियमाने 'अ'चे ६०,००० + २,००० + २०,००० + १,३३३ = ८३,३३३. 'ब'चे १०,००० + ५०० + ३२,००० + २१,३३३ = ६३,८३३. म्हणजे 'अ' पहिला, आणि तोही भरपूर फरकाने.

श्रोते तेच, त्यांनी ऐकलं तेवढंच, आठवडाही तोच. फक्त गुणक बदलला. आणि 'ब' ऐकणारे लोक कोण असतील याचा जरा विचार करा. महिन्याची वर्गणी परवडत नाही म्हणून जाहिराती ऐकणारे, बहुधा तरुण, बहुधा विद्यार्थी. मी यात नियम चूक की बरोबर हे सांगत नाहीये. पैसे देणाऱ्याचं वजन जास्त का असावं याला धंद्याच्या बाजूने उत्तर आहे, कारण कलाकाराला आणि कंपनीला त्यातून जास्त मिळतं. पण मग ही यादी 'किती लोकांना आवडलं' हे मोजते की 'किती उत्पन्न झालं' याच्या जवळपासचं काही मोजते? तुमच्या थिसिसमध्ये 'लोकप्रियता' हा शब्द असेल तर याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. परीक्षक नेमकं तेच विचारतील.

मोजलं जातंय हे कळल्यावर

भौतिकशास्त्रातल्या आपल्या लंबकाला एक बरं असतं, आपण त्याचा आवर्तकाळ मोजतोय हे त्याला कळत नाही. माणसांना कळतं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना एक निरीक्षण मांडलं, ते आज त्यांच्या नावानेच ओळखलं जातं. त्याचा मथितार्थ असा की एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला लागलो की त्या आकड्याचं आधीचं वागणं टिकत नाही. चार्टच्या इतिहासात याची उदाहरणं ढिगाने मिळतात.

२००४ मध्ये प्रिन्स यांच्या मैफलीच्या तिकिटाबरोबर 'म्युझिकॉलॉजी' या अल्बमची सीडी मिळायची आणि ती विक्रीत धरली गेली. त्यानंतर बिलबोर्डने नियम कडक केला. २०१८-१९ च्या सुमारास टी-शर्ट, टोप्या, तिकिटं यांच्याबरोबर अल्बम जोडून देण्याची चढाओढ लागली. स्ट्रीमिंगच्या काळात एक खरी विक्री १,२५० स्ट्रीमच्या बरोबरीची, मग एका टी-शर्टमागे तेवढी मजल मारता येत असेल तर कोण सोडेल? शेवटी ऑक्टोबर २०२० पासून नियम आला: दुसऱ्या वस्तूच्या किमतीतच मिळालेला अल्बम मोजायचा नाही, ग्राहकाने त्याचे वेगळे पैसे मोजले तरच धरायचा.

दुसरी गोष्ट अल्बमच्या लांबीची. दहा गाण्यांचा अल्बम एकदा पूर्ण ऐकला तर दहा स्ट्रीम, वीस गाण्यांचा ऐकला तर वीस. श्रोता एक, ऐकण्याची पाळी एक, पण यादीत वजन दुप्पट. गाण्यांची संख्या वाढवण्यात फायदा आहे हे उघड आहे.

तिसरं उदाहरण तर जवळजवळ तयार प्रयोग आहे. मार्च २०१७ मध्ये एड शीरन यांच्या नव्या अल्बममधली सगळी १६ गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत आली. ब्रिटनच्या चार्टवाल्यांनी त्याच वर्षी जुलैपासून नियम केला की एका मुख्य कलाकाराची एका वेळी तीनच गाणी यादीत येतील. अमेरिकेने असा नियम केला नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्ट यांचा 'मिडनाइट्स' आला, तेव्हा अमेरिकेत हॉट १०० च्या पहिल्या दहाही जागा त्यांच्या एकटीच्या होत्या. ब्रिटनमध्ये तीनपेक्षा जास्त जागा मिळणं शक्यच नव्हतं. फक्त दोन याद्या शेजारी ठेवून कुणी म्हटलं की ब्रिटिश लोकांना हा अल्बम कमी आवडला, तर ते विधान नियमाच्या पुस्तकाबद्दल होईल.

आणि मग येते ती वर्तमानपत्रांची आवडती तुलना, 'बीटल्सचा विक्रम मोडला'. ४ एप्रिल १९६४ च्या हॉट १०० मध्ये पहिल्या पाचही जागा बीटल्सच्या होत्या. जुलै २०१८ मध्ये ड्रेक यांची सात गाणी पहिल्या दहात एकाच वेळी आली. पण १९६४ मध्ये ती पाच गाणी म्हणजे पाच वेगवेगळ्या तबकड्या होत्या, चार वेगवेगळ्या लेबलांखाली बाजारात आलेल्या, आणि प्रत्येकीसाठी दुकानात जाऊन वेगळे पैसे मोजावे लागत. २०१८ मध्ये एका बैठकीत अल्बम लावून ठेवला की त्यातल्या सगळ्या गाण्यांच्या खात्यात भर पडते. दोघांचंही यश मोठंच आहे. फक्त ते एका अक्षावर मांडता येत नाही.

यादीतली भोकं

शेवटचा प्रकार म्हणजे गायब डेटा. पिंक फ्लॉइड यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ ते १९८८ या काळात अल्बमच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता. मग तो बाहेर पडला. १९९१ पासून बिलबोर्डने जुने अल्बम मुख्य यादीतून काढून वेगळ्या, कॅटलॉगच्या यादीत टाकायला सुरुवात केली होती, म्हणून पुढची वर्षं तो खपत राहूनही मुख्य यादीत दिसला नाही. या नियमाची अडचण जगाला दिसली ती जून २००९ मध्ये. मायकल जॅक्सन यांचं निधन झालं आणि त्यांचा 'नंबर वन्स' हा जुना संग्रह देशात सर्वांत जास्त खपू लागला, पण मुख्य यादीत त्याला जागाच नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरपासून तो नियम काढला गेला आणि जुने अल्बम परत आले. आता यादीत जुनं संगीत वाढलेलं दिसतं. त्यातलं किती स्ट्रीमिंगमुळे, किती २००९ च्या नियमामुळे, हे वेगळं केल्याशिवाय 'नवं संगीत चालत नाही' असं लिहू नये.

त्याहून जुनं भोक १९६३ चं. कृष्णवर्णीय श्रोत्यांमधल्या लोकप्रिय संगीताची वेगळी यादी बिलबोर्ड १९४२ पासून छापत होतं. १९४९ मध्ये तिला 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव मिळालं. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीस ही यादी बंद झाली आणि जानेवारी १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधलं संपूर्ण १९६४ साल कोरं आहे. त्या वर्षी असं संगीत थांबलं होतं का? त्याच वर्षी मोटाउन कंपनीच्या सुप्रीम्स या गटाची गाणी हॉट १०० मध्ये पहिल्या क्रमांकावर जात होती. तरीही त्या समाजाच्या स्वतःच्या आवडीची वेगळी नोंद त्या वर्षापुरती तिथे नाही.

तुमच्या कामात

तुमचा विषय संगीत नसेलच. तुमच्याकडे पावसाची आकडेवारी असेल, दवाखान्यातल्या नोंदी असतील, पटसंख्या असेल, नाहीतर माझ्यासारखी एखाद्या उपकरणाची रीडिंग असतील. तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी एक पान वेगळं काढा आणि त्यावर मोजपट्टीचा इतिहास लिहा. कुठल्या तारखेला नियम, उपकरण, नमुना किंवा गुणक बदलला, ते डाव्या बाजूला तारीखवार मांडा. मग तुमच्या आलेखातल्या उड्या त्या तारखांशी ताडून पाहा. जुळल्या तर डेटा त्या तारखेला तोडून दोन तुकड्यांत तपासा, किंवा जुन्या-नव्या पद्धतीने एकाच काळाचं मोजमाप उपलब्ध असेल तर ते शोधा. क्रम आणि संख्या यांत गल्लत करू नका. दोन प्रकारच्या गोष्टींची बेरीज झालेली असेल तर गुणक बदलून पाहा आणि निष्कर्ष टिकतो का ते तपासा, वर 'अ' आणि 'ब'चं केलं तसं. आणि यात कोण मोजलंच गेलेलं नाही, हा प्रश्न स्वतःला लेखी विचारा.

हे पान थिसिसमध्ये बहुधा मेथडॉलॉजीच्या प्रकरणात जाईल आणि फार कुणी वाचणार नाही. पण व्हायव्हाच्या दिवशी तुमचा हात सर्वांत आधी त्याच पानाकडे जाईल.

सराव करायचा असेल तर घरचंच उदाहरण घ्या. बिनाका गीतमालेच्या वार्षिक याद्या सहज मिळतात, आणि त्या ऐकत मोठी झालेली माणसंही अजून घरात आहेत. एखादं वर्ष निवडा. आजी-आजोबांना विचारा की तेव्हा त्यांच्याकडे रेडिओ होता का, रेकॉर्ड कोण विकत घ्यायचं, गावात श्रोतासंघ होता का, त्यात बायका असायच्या का. मग यादी पुन्हा वाचा आणि अर्ध्या पानात लिहा, त्या वर्षीच्या पहिल्या पायदानवर नेमकं कोणाचं मत होतं.